पूजेला बसलेली डिस्क

सरस्वतीपूजेच्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही आणि हत्यार चालवायचं नाही, हा तंजावरातला नियमच. सुताराची करवत, शिंप्याची कातर, मुलांची पाठ्यपुस्तकं, सगळ्यांना त्या दिवशी गंध-कुंकू लागतं, फूल वाहिलं जातं आणि दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मुलं हा नियम फार भक्तिभावानं पाळतात. मोठ्या माणसांना मात्र नेमकी त्याच दिवशी कामाची आठवण होते, आणि मुरलीकृष्ण हा अशा मोठ्या माणसांचा मुकुटमणी होता.

राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याचा फोटो स्टुडिओ. गावातल्या, राजांच्या काळापासून आपली वेगळी मराठी बोलत आलेल्या घरांमधली निम्मी लग्नं, मुंजी आणि साठीशांती त्याच्या कॅमेऱ्यातून गेलेल्या. मुरली फोटो काढायचा आणि बाकीचं सगळं त्याची बायको कमलाक्षी बघायची. बाकीचं सगळं म्हणजे गिऱ्हाइकं, फोन, हिशेब आणि खुद्द मुरली. कुठलीही मेल आली की तो आधी तिला हाक मारायचा आणि ती आधी ज्याची मेल त्याला फोन करायची, मगच होकार जायचा. ही पद्धत मुरलीला जाचाची वाटे. तिची किंमत त्याला अजून कळायची होती.

नवमीच्या सकाळी तो आंघोळीला गेला आणि कमलाक्षीनं पूजा मांडायला घेतली. हॉलमध्ये नवरात्रातला कोलू होताच. पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या, आणि सगळ्यांत खाली एक मान हलवणारी तंजावरी बाहुली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्याला होकार देणारी. त्याच्यापुढे पाट ठेवून तिनं पुस्तकं रेशमी कापडाखाली रचली, शेजारी कॅमेरे आणि लेन्स मांडल्या. स्टुडिओतले दोन कंप्युटर काही उचलून आणता येईनात. त्यांचे प्लग तिनं भिंतीतून उपटले, पडद्यांना गंधाची बोटं लावली, माउसला कुंकू लावलं आणि कीबोर्डवर शेवंतीचं फूल ठेवलं. बाकी जे जे उचलता आलं ते ते पाटावर गेलं.

मुरली न्हाऊन आला, नमस्कार केला, शिऱ्याचा प्रसाद खाल्ला आणि तासाभरात कंटाळून गेला. खरं तर त्याला कंटाळा नव्हता, घाई होती. आणि त्या घाईचं कारण होत्या ताराबाई.

ताराबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, मुरली त्यांना मानानं मामी म्हणायचा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला चोख, स्वभावानं प्रेमळ, पण कॅमेरा दिसला की गायब. पुढच्या दोन दातांमध्ये त्यांच्या चांगली तांदळाचा दाणा जाईल एवढी फट. लग्नानंतर सासरच्या कुणीतरी त्यावरून थट्टा केली, आणि तेव्हापासून बाई फोटोत एक तर कुणाच्या तरी खांद्यामागे किंवा तोंडाला पदर लावून. पण आवणी महिन्यात, म्हणजे दीड-दोन महिन्यांपूर्वी, त्यांच्या मुलीचं, लावण्याचं, लग्न झालं. माळा घालताना नवरदेवाला खांद्यावर उचलणाऱ्या मामाच्या पायात गोळा आला, आणि मामा-भाचे दोघे हळूहळू, मोठ्या प्रतिष्ठेनं जमिनीवर येऊन बसले. ताराबाई हसल्या. पदर-बिदर विसरून, सगळं तोंड उघडून हसल्या. मुरलीनं तो क्षण पकडला. तीस वर्षांच्या धंद्यात असा फोटो त्याला दुसरा मिळाला नव्हता.

मग आपल्या मते भलेपणा म्हणून त्यानं कंप्युटरवर ती दातांची फट बुजवली आणि डोळ्यांजवळच्या सुरकुत्या पुसल्या. ताराबाईंना एवढंच सांगितलं, की मामी, फोटो झकास आलाय. त्या म्हणाल्या, "दसऱ्याला येतें. पहिलं मी पाहीन. मग बाकीचे." बाईंनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा फोटो मागितला होता.

दसरा म्हणजे उद्या. अल्बमची दोन पानं जुळवायची राहिली होती. मुरली स्टुडिओच्या दाराशी जाऊन येऊन शेवंतीच्या फुलाकडे बघत होता.

तेवढ्यात त्याच्या फोनवर मेल आली. कोइमतूरच्या ज्या छापखान्यात तो अल्बम छापायला पाठवायचा, त्यांच्या नावानं. एका मुंजीच्या अल्बमची ऑर्डर तिकडे गेलेलीच होती. तुमच्या ऑर्डरमध्ये चूक आहे, जोडलेली पानं आजच्या आज तपासा, नाहीतर ऑर्डर रद्द. मुरलीनं जोडलेली फाइल फोनवर उघडून पाहिली. फोन म्हणाला, असली फाइल माझ्याच्यानं उघडत नाही. शहाणा माणूस इथे थांबला असता. रोजचा मुरलीसुद्धा थांबला असता, कारण रोज त्यानं कमलाक्षीला हाक मारली असती. पण आज हाक मारायची म्हणजे आपण पूजेच्या दिवशी काम करणार असं आपल्याच तोंडानं कबूल करायचं.

स्वयंपाकघरात सुंडलाची फोडणी चुरचुरत होती. संध्याकाळी कोलू बघायला बायका येणार, त्यांना द्यायचे हरभरे. मुरलीनं अंदाज घेतला, दार लोटलं, फूल अलगद बाजूला ठेवलं, देवीची मनातल्या मनात माफी मागितली आणि प्लग लावला.

मेलमधल्या फाइलवर पीडीएफचं चित्र होतं. त्यानं दाबलं. कंप्युटरनं विचारलं, हा प्रोग्राम तुमच्या मशीनमध्ये बदल करू पाहतोय, करू देऊ का? छापील पानानं मशीनमध्ये बदल कशाला करावेत, हा प्रश्न त्याच्या मनात डोकावला असता तर पुढची गोष्टच झाली नसती. त्यानं हो म्हटलं. काही उघडलं नाही, म्हणून आणखी दोनदा हो म्हटलं.

मग कंप्युटरचा पंखा घरघरायला लागला. पडद्यावरच्या फोटोंची छोटी चित्रं एकामागून एक पांढरी झाली आणि प्रत्येक नावाला कसलंतरी शेपूट फुटलं. राघवेंद्रची मुंज गेली. सीतारामरावांची साठीशांत गेली. मुरलीनं घाबरून लावण्याच्या लग्नाचा फोल्डर उघडला, तर तिथेही पांढरी पानं सरसरत खाली येत होती. त्यानं ताराबाईंच्या फोटोवर दाबलं. मशीन म्हणालं, ही फाइल ओळखता येत नाही.

शेवटी काळ्या पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी आली. आपल्या सर्व फाइली आम्ही कुलपात ठेवल्या आहेत, किल्ली आमच्याकडे आहे. या पत्त्यावर बिटकॉइनमध्ये पैसे भरावेत, उशीर झाल्यास रक्कम दुप्पट होईल. काही अडचण आल्यास आमचा मदत कक्ष आपल्या सेवेस तत्पर आहे. इतक्या आदबीनं हल्ली बँकेतसुद्धा कोणी बोलत नाही.

मुरली खुर्चीत बसून राहिला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. धंद्याचं नुकसान तर होतंच, पण लग्न पुन्हा लागत नाही, मामाच्या पायात पुन्हा गोळा येत नाही, आणि ताराबाई काही पुन्हा अशा हसणार नव्हत्या. त्यानं पडद्यावर टॉवेल टाकला आणि बाहेर येऊन बाहुल्यांपुढे उभा राहिला. मान हलवणारी बाहुली त्याच्याकडे बघून हो हो करत होती.

संध्याकाळी बायका यायला लागल्या. सगळ्यांत आधी आली लक्ष्मीप्रिया, कमलाक्षीची मावसबहीण. गावातल्याच एका कॉलेजात ती कंप्युटरची सुरक्षा शिकवायची. अंगावर जांभळं कांजीवरम, डोक्यात हातभर मोगरा. मुरलीनं तिला पायरीवरच गाठलं.

"लक्ष्मी, इकडे ये गे जरा. अक्काला सांगू नको."

"काय केलांत भावजी?" तिनं चेहऱ्याकडे बघूनच ओळखलं.

टॉवेल उचलल्याबरोबर तिनं चपळाईनं आधी मशीनची इंटरनेटची वायर उपटली, मग भिंतीवरच्या वायफायच्या डबीचा प्लग काढला.

"मशीन बंदच करूं कां?" मुरलीनं विचारलं.

"नको. कुलुपं घालून झाली तेची, अत्ता घाई करून उपयोग नाहीं. पहिलं जाळं तोडायचं, म्हणजे दुसऱ्या मशीनींत शिरत नाहीं. बंद केलांत तर मशीनीच्या आठवणींत असलेलं पुसून जाईल, कधी कधी त्यांतच माग सापडतो. दुसरा कंप्युटर कोठे?"

"तो पूजेंत अहे. सकाळपासून बंद. तेच्यांत हिशेब अहे, फोटो नाहींत."

"सरस्वतीच पावली. दोन्ही मशीनी एकाच जाळ्यांत अहेत की तुमच्या, तो चालू असता तर तेही गेलं असतं. बरं, कॅमेरा काढा. या चिठ्ठीचा फोटो होणा, पोलिसांना द्यायला."

मुरलीनं हॉलकडे पाहिलं. त्याचे सगळे कॅमेरे गंध लावून, फुलं वाहून पाटावर बसले होते. अखेर त्यानं मुकाट्यानं फोन काढला, आणि खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो काढतानाही सवयीनं म्हणाला, "जरा सरक गे, साडीचा रंग काचेंत येतो."

"कोणाचा फोटो चाललाय?" दारात कमलाक्षी उभी होती. तिच्या हातात सुंडलाच्या डब्यांचं ताट होतं आणि नजर मुरलीच्या उजव्या हाताकडे. माउसचं सगळं कुंकू त्याच्या बोटांवर उतरलं होतं.

"अहो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण मुरलीला ते पुष्कळ झालं.

त्यानं सगळं सांगून टाकलं, मेलपासून टॉवेलपर्यंत. कमलाक्षीनं फोन घेऊन मेल वाचली आणि तिचा राग जाऊन चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य आलं.

"आज छापखान्यांतून मेल आली म्हणून विश्वास ठेवलांत? आज आयुधपूजा. कोइमतूरांत त्यांची यंत्रं हार घालून बसली असतील. आज तिथे कोण बसून चुका काढतो?"

लक्ष्मीप्रिया हसत सुटली. "अक्का, मी वर्गांत मुलांना तासभर शिकवतें खोटी मेल कशी ओळखायची, तें तू एका वाक्यांत सांगट्लीस. चोर कोठल्या देशांत बसलाय कोणास ठाऊक. तेला काय माहीत अमची नवमी!"

मुरलीला हे आधी सुचलं नव्हतं आणि आता त्याहून वाईट वाटत होतं. स्वतः चोरून काम करणाऱ्याला छापखानाही चोरून काम करत असेल असं वाटलं होतं, दुसरं काय.

"पण हें कुलूप तोडतां येत नाहीं कां?" त्यानं विचारलं. "तू शिकवतेस की."

लक्ष्मीप्रियानं ताटातले स्टीलचे डबे टेबलावर मांडले. "हे बघा भावजी. हे तुमचे फोटो. चोराचा प्रोग्राम आंत आला, प्रत्येक डब्याला एक छोटं कुलूप घातलं. प्रत्येकाची किल्ली वेगळी. मग त्या सगळ्या छोट्या किल्ल्या एका पेटींत टाकल्या, आणि पेटीला लावलं दाबून बसवायचं कुलूप. तसलं कुलूप लावायला किल्ली लागते कां? नाहीं. कोणीही दाबून लावावं. उघडायला मात्र किल्ली होणा, आणि ती या मशीनींत कधी आलीच नाहीं. ती चोराच्या घरीं. म्हणून अम्ही इथे बसून कितीही खटपट केली तरी पेटी उघडत नाहीं. नीट बनवलेलं असलं तर जगांत कोणाकडूनही उघडत नाहीं."

"मग पैसे भरूं. दुसरं काय!" मुरली म्हणाला. "ताराबाई मामी उद्या येतात गे."

"चोराला पैसे देऊन किल्ली मागायची?" कमलाक्षी कडाडली.

"अक्का म्हणते तें खरं. पुष्कळ जणांनी पैसे भरले आणि किल्ली आलीच नाहीं. आली तर अर्धे डबे उघडतात, अर्धे फुटतात. वर तुमचं नाव तेच्या वहींत चढतं, की हा देणारा अहे, पुढच्या वर्षीं पुन्हा जा. तें नको. पहिलं तक्रार करूं."

तिथेच, मोगरा सावरत, तिनं फोनवर सायबर पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, मेल आणि चिठ्ठीचा फोटो जोडला. मग दुसरं एक संकेतस्थळ उघडलं. पोलिसांना आणि संशोधकांना चोरांच्या ज्या किल्ल्या मिळाल्या त्या तिथे फुकट ठेवलेल्या असतात, असं तिनं सांगितलं. फाइलीच्या शेपटावरून शोधलं. मुरली तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"या कुलपाची नाहीं," ती म्हणाली. "अजून नाहीं. उद्या परवा, वर्षानं, कधीही येईल. म्हणून हे बंद डबे टाकायचे नाहींत. आंतली डिस्क काढून चिठ्ठी लावून ठेवायची. बरं, अत्ता खरं सांगा. दुसरी प्रत अहे की नाहीं?"

मुरलीचा चेहरा उतरला. "बाहेरची डिस्क अहे. पण ती मशीनच्या मागेच असते. रोज कोण काढतो आणि लावतो? चोवीस तास तिथेच."

"मग गेली. हा चोर पहिलं तिलाच धरतो."

मुरली गुडघे टेकून टेबलाखाली शिरला. खाली धूळ होती, वायरींचं जंजाळ होतं. डिस्कची वायर हाताला लागली. त्यानं ती ओढली, तर ती भसकन हातात आली. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

"कोठे गेली?"

"काय? ती काळी डबी?" कमलाक्षी म्हणाली. "ती पूजेंत अहे. पुस्तकांखाली."

मुरलीचं डोकं टेबलाला आपटलं. "कोणी नेली?"

"मीच. सकाळी तुम्ही न्हात होतांत तेव्हां. सगळे फोटो तिच्यांत असतात म्हणून तुम्हीच सांगता की. मग तिला नको कां पूजा? आणि शेपूट लोंबवत सरस्वतीपुढे ठेवतात कां? म्हणून वायर काढून नेलें."

इतक्या वर्षांत ती डिस्क मशीनपासून एकाच दिवशी सुटली होती, आणि तो आजचा होता. मुरलीनं बाहेर येऊन कमलाक्षीकडे अशा काही नजरेनं पाहिलं की ती लाजून ताट उचलायला लागली. पुढच्याच क्षणी तो पाटाकडे धावला, आणि दोघी बहिणी एकदम आडव्या आल्या.

"उद्या!" कमलाक्षी म्हणाली. "एकदा पूजा मोडलांत, पुरे झालं."

"उद्याच," लक्ष्मीप्रिया म्हणाली. "आणि मी हें देवासाठीं सांगत नाहीं. अत्ता ती डिस्क या मशीनला लावलांत तर तिलाही कुलूप लागेल. पुष्कळ जण इथेच फसतात. मशीन पहिलं साफ होणा, मग प्रत."

मुरली थांबला. पण त्याच्या मनात आता दुसराच किडा वळवळायला लागला. डिस्क आहे, पण तिच्यात लावण्याचं लग्न आहे का? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो डिस्कमध्ये उतरवायला लावले होते आणि तो जेवायला गेला होता. मग? मग झोपला होता. काम पुरं झालं का, हे परत येऊन पाहिलं होतं की नाही, काही केल्या आठवेना. कॅमेऱ्यातली कार्डं तर पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसली होती.

इतक्यात ताराबाई आल्या. पैठणी नाही की दागिने नाहीत, साधी सुती साडी, हातात बाहुल्यांसाठी एक लाकडी घोडा. कमलाक्षीनं कुंकू लावलं, विडा दिला. मुरली त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. पळवाट काढायची त्याला चांगली सवय होती, पण आज त्यानं ती काढली नाही.

"मामी, तुमचा फोटो कुलपांत गेला. माझीच चूक. पूजेच्या दिवशीं मशीन उघडलों. प्रत अहे की नाहीं तें उद्या कळेल. नसली तर," एवढं म्हणून तो बोटांवरचं कुंकू पुसायला लागला.

ताराबाई विडा हातात फिरवत राहिल्या. "जाऊं दे रे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं फोटोशिवाय गेली की." मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, "एकदा पाहायचा होता मात्र."

कोलूपुढे येणाऱ्या बाईनं एक तरी गाणं म्हणायचं असतं. ताराबाईंनी देवीचं एक पद म्हटलं, गोड गळ्यानं, ओठ जेमतेम उघडून. मुरली दारामागे उभा राहून ऐकत होता आणि स्वतःला मनसोक्त शिव्या देत होता.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा झाली. रीतीप्रमाणे प्रत्येकानं पुस्तक उघडून दोन ओळी वाचल्या. मुरलीनं हाताला आलेल्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतल्या वाचल्या, आणि त्याही कधी नव्हे इतक्या लक्ष देऊन. लक्ष्मीप्रिया एक पेनड्राइव्ह घेऊन हजर झाली. आजारी मशीनमधली डिस्क तिनं काढून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. मग काल दिवसभर झोपलेला दुसरा कंप्युटर आपल्या पेनड्राइव्हवरून चालू करून नीट तपासला.

"साफ अहे. आणा तुमच्या देवीला."

कमलाक्षीनं रेशमी कापडाखालून काळी डबी काढली. तिच्यावर गंधाची तीन बोटं आणि एक अक्षत चिकटलेली. मुरलीनं वायर लावली.

फोल्डर उघडले. राघवेंद्रची मुंज होती. सीतारामरावांची साठीशांत होती. आणि सगळ्यांत खाली लावण्या होती. फोटो एकेक करून रंग घेऊन उगवायला लागले, मंडप, सनईवाला, रुसलेली आत्या, मामाच्या खांद्यावर नवरदेव. मुरली जेवत असताना, झोपला असताना, बिचाऱ्या मशीननं सगळं काम पुरं केलं होतं. मुरलीनं टाळी वाजवली, कमलाक्षीनं देवीला हात जोडले आणि लक्ष्मीप्रियानं त्याला खुर्चीतून उठवलं.

"फोटो उतरले या मशीनींत? मग अत्ता डिस्क काढा. तुमच्या हातानं. आज विद्यारंभ. दसऱ्याला जें शिकायला घेतो तें टिकतं. काम झालं की वायर काढायची आणि डबी पाटावर ठेवायची, हें तुमचं पहिलं अक्षर. दुसरी एक प्रत काढून माझ्या घरीं ठेवायची, हें दुसरं. आणि न विचारतां मेल उघडायची नाहीं."

"तें तर मी तीस वर्षं शिकवतें," कमलाक्षी म्हणाली.

मुरलीनं शहाण्या मुलासारखी वायर काढली आणि डबी पाटावर नेऊन ठेवली. परत येऊन तो ताराबाईंचा फोटो शोधायला बसला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. डिस्कमध्ये होते ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचे, जसे काढले तसे फोटो. पुढे महिनाभर बसून केलेलं काम, जुळवलेली पानं, आणि बुजवलेली ती फट, हे सगळं कपाटातल्या बंद डिस्कमध्ये होतं. समोर होत्या त्या जशाच्या तशा ताराबाई. सुरकुत्यांसकट, फटीसकट.

"तासभरांत पुन्हा करतों," तो पुटपुटला आणि माउस धरला.

"झालं कां रे?" ताराबाई दारातच होत्या.

"मामी, फोटो अहे! सगळे अहेत. पण हा अजून तयार नाहीं, एक तास द्या मज, जरा—"

"तयार म्हणजे काय? चाळीस वर्षं झाली. दाखव."

आता काही इलाज नव्हता. मुरली बाजूला झाला. ताराबाईंनी पदरानं चष्मा पुसला, वाकल्या आणि बघत राहिल्या. बाहेर गल्लीतून कुणाच्या तरी घरचा नादस्वर ऐकू येत होता. मुरलीनं हळूच म्हटलं, "ती दातांची जागा अहे की मामी, ती मी आधी बुजवली होती. पुन्हा करतों. कळणारही नाहीं."

ताराबाईंनी त्याच्या हातावरच चापट मारली.

"हात लावूं नको." त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. "हें माझं हसू नाहीं रे. हें माझ्या अम्माचं अहे."

त्या खुर्चीत बसल्या. "मी दुसरीत होतें, अम्मा गेली. तिचा एक फोटो नाहीं घरांत. सगळे सांगत, तारा अगदी अम्मावर गेली. अम्मावर कशांत गेली तें मज कधी दिसलं नाहीं. मी आरशांत कधी हसलेंच नाहीं की." त्यांनी पडद्यावरच्या त्या उघड्या तोंडाला, त्या फटीला बोट लावलं. "अशीच हसत होती. अत्ता आठवलं मज. अशीच."

कमलाक्षी डोळे पुसत होती. लक्ष्मीप्रियाही. मुरलीनं त्याला जे येत होतं ते केलं. त्याचा कॅमेरा नुकताच पूजेतून उठला होता, अंगावरचं गंधही अजून वाळलं नव्हतं. त्यानं तो डोळ्याला लावला. ताराबाईंनी मान वर करून पाहिलं, सवयीनं हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्या त्याच्याकडे बघून तोंडभर हसल्या.